वाचलेला सेकंद कुणाचा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्यापैकी कुठल्याही कारखान्यात शिरलात, तर भिंतीवर एक तक्ता दिसतो. वर लिहिलेलं असतं, 'सात मुडा'. मुडा हा जपानी शब्द. अर्थ, वाया जाणं. गरजेपेक्षा जास्त माल काढणं, वाट बघत थांबणं, माल उगाच इकडून तिकडे नेणं, नको ती प्रक्रिया करणं, साठा साचवणं, कामगाराची फालतू हालचाल आणि खराब माल निघणं, हे ते सात अपव्यय. टोयोटाचे ताइइची ओहनो यांनी ही यादी रूढ केली. जगाने पुढे त्यांच्या पद्धतीला 'लीन' म्हटलं, आणि आपल्याकडच्या सुपरवायझरपासून ट्रेनीपर्यंत सगळ्यांना ती पाठ झाली.

ओहनोंच्या देशात मात्र या शब्दाला दोन भावंडं आहेत. मुरा म्हणजे कामातला चढ-उतार, कधी रिकामं तर कधी तारांबळ. मुरी म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं, मग ते यंत्रावर असो की माणसावर. जपानी लोक हे तीन शब्द एका श्वासात उच्चारतात. आपल्या भिंतीवर मात्र एकटा मुडा आला. मुरी समुद्रातच बुडाली असावी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. कामाचं टेबल माणसाच्या मापाचं असावं, सामान हाताच्या टप्प्यात असावं, वाकणं-वळणं कमी व्हावं, याला माझा विरोध नाही. उलट ते उशिरा होतंय, अपुरं होतंय, अशी माझी तक्रार आहे. पण त्या टेबलामुळे जो सेकंद वाचतो, तो आज जवळपास नेहमीच टार्गेटच्या खात्यात जमा होतो. तो आधी कामगाराच्या शरीराच्या खात्यात जमा झाला पाहिजे. तसं होत नसेल, तर अर्गोनॉमिक्स हे कामगाराला जास्त वेगाने झिजवण्याचं गोड नाव ठरतं.

कुणी विचारेल, मास्तर, तुमचा काय संबंध? मी इंजिनियर नाही. बी.एड. झालेला, उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस आहे. पण माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील, मामा, मोठे भाऊ याच पट्ट्यात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या शिफ्टला जातात. पालकसभेला आलेला बाप बाकावर बसायला सांगितलं तर म्हणतो, "नको सर, उभाच बरा. बसलो की उठता येत नाही." त्याचं वय माझ्यापेक्षा कमी असतं. शिवाय शब्द हा माझा धंदा आहे. उर्दूत आपण 'इसराफ' म्हणतो, म्हणजे उधळपट्टी. नळाचं पाणी वाया गेलं तर इसराफ, ताटात अन्न उरलं तर इसराफ. मग माणसाची कंबर पस्तिशीत वाया गेली तर तिला काय म्हणायचं, हा भाषेच्या शिक्षकाने विचारायचा प्रश्न आहे.

विटा आणि गवंडी

ही गोष्ट जपानच्याही आधीची आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा माणूस गवंडीकाम शिकला. त्याने पाहिलं की प्रत्येक वीट उचलायला गवंडी कमरेत वाकतो, आणि त्या पाचेक पौंडांच्या विटेबरोबर स्वतःच्या धडाचं वजनही उचलतो. त्याने उंची बदलता येणारी पराची केली. विटा आणि चुना गवंड्याच्या हाताच्या उंचीवर ठेवायची सोय केली. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचच्या आत आल्या. तासाला १२० विटा बसायच्या, त्या ३५० बसू लागल्या. आज चाकणमध्ये ज्याला अर्गोनॉमिक वर्कस्टेशन म्हणतात, त्याचा आजा म्हणजे ही पराची.

ती शोधणारा माणूस कामगारांचा शत्रू नव्हता. फ्रँक आणि त्यांची पत्नी लिलियन यांनी १९१६ साली थकव्यावरच एक पुस्तक लिहिलं. कामगाराला बसायला खुर्ची हवी, मधे विश्रांती हवी, असा त्यांचा आग्रह होता. पण इतिहासाने त्यांचा कोणता अर्धा भाग उचलला बघा. १२० च्या ३५० विटा झाल्या, हे व्यवस्थापन शिकणाऱ्या पोराला माहीत असतं. खुर्चीचं कुणाला आठवत नाही. मुडा आला आणि मुरी राहिली, त्याचीच ही पहिली आवृत्ती.

एक साधा हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी धरतोय, पण लाईनवर काम केलेल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत. जेवण-चहा वजा जाता साडेसात तासांची शिफ्ट, म्हणजे २७,००० सेकंद. दर ५४ सेकंदांना एक नग पुढे सरकतो, म्हणजे शिफ्टला ५०० नग. ऑपरेटरला प्रत्येक नगामागे मागे वळून, खाली वाकून बिनमधून पार्ट काढावा लागतो, त्यात सहा सेकंद जातात. आता कायझेन होतं. बिन तिरक्या रॅकवर समोर येतो, गन डोक्यावर स्प्रिंग बॅलन्सरला लटकते, वाकणं संपतं. फोटो काढले जातात, 'आधी' आणि 'नंतर'. उत्तम.

पुढच्या आठवड्यात ५४ चे ४८ सेकंद होतात. आता शिफ्टला ५६२ नग. वाकणं गेलं, हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये. पण एका नगाला गनचा ट्रिगर चार वेळा दाबावा लागत असेल, तर बोट आधी दोन हजार वेळा दाबलं जायचं, आता सव्वादोन हजार वेळा. आणि ते सहा-सहा सेकंद, ज्यात मनगट मोकळं असायचं, खांदा खाली यायचा, ते शिफ्टला मिळून पन्नास मिनिटं होत होते. ती पन्नास मिनिटं गेली. कंबरेचं दुखणं मनगटात आणि खांद्यात सरकवलं, एवढंच झालं. फोटोत मनगटाचं दुखणं दिसत नाही.

दोन पावलं फालतू नसतात

लीनवाल्यांची आणि शरीरशास्त्राची इथेच फारकत होते. लीनच्या नजरेत रॅकपर्यंत चाललेली दोन पावलं म्हणजे मुडा. ग्राहक त्या पावलांचे पैसे देत नाही, सबब ती काढून टाका. पण एकाच जागी उभ्या माणसाच्या पायांना, पाठीला विचारा. स्नायू आखडून तसाच ठेवला की त्यातला रक्तप्रवाह मंदावतो. स्नायूला मोकळं व्हायला हालचाल लागते. दोन पावलं चालणं, मान वळवणं, हात खाली सोडणं ही त्याची छोटी-छोटी सुट्टी असते. ती सगळी कापून माणसाला अर्ध्या मीटरच्या चौकोनात खिळवलं, तर टेबल कितीही शास्त्रशुद्ध असो, आठ तासांनी तो लाकूड होऊन बाहेर पडतो. जी हालचाल शरीर मोडते ती काढा आणि जी शरीर सोडवते ती ठेवा, हे अर्गोनॉमिक्स सांगतं. स्टॉपवॉचला या दोन हालचालींतला फरक कळत नाही.

वजनाचंही तसंच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं एक सूत्र जगभर वापरतात. सगळं आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, साधारण पाऊण मीटर उंचीवर, न वळता, क्वचित उचलायचं असेल, तर मर्यादा २३ किलो. तेच ओझं अंगापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर दूर असेल तर मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. ते जमिनीवरून उचलायचं असेल तर आणखी कमी, नऊ किलोच्या आत. मिनिटाला अनेकदा उचलायचं असेल तर त्याहून कमी. आता कास्टिंगने भरलेला क्रेट डोळ्यांपुढे आणा, फरशीवर ठेवलेला, आणि तळातला पार्ट काढायला वाकलेला मुलगा. भोसरी, तळवडे, चाकणच्या छोट्या शेडमध्ये ही गणितं कोण करतं?

टेबलाची उंची हा तर आणखी सोपा विषय. हलक्या कामाला ती कोपराच्या थोडी खाली हवी, बारीक नजरेच्या कामाला थोडी वर, जोर लावायच्या कामाला बरीच खाली. पण फॅब्रिकेटरने अँगल वेल्ड करून एकाच मापाची दहा टेबलं दिली की पाच फुटी मुलगी आणि पावणेसहा फुटी मुलगा दोघेही त्याच टेबलावर. एक खांदे उचकून काम करते, दुसरा मान घालून. तिच्या पायाखाली एक लाकडी पाट द्यायला किती पैसे लागतात? पाटाने नग वाढत नाहीत, म्हणून तो कायझेनच्या यादीत येत नाही.

पट्टा कसा बदलला

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली. टेल्को, बजाज आले आणि खेड्यांची उद्योगनगरी झाली. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण जगाच्या वाहन-नकाशावर गेलं. या काळात शॉप फ्लोअरची भाषाही बदलली. फाइव्ह एस, कायझेन, टीपीएम, पोका-योके हे शब्द दहावी-आयटीआय झालेल्या पोरांच्या तोंडी बसले. त्याचा मला आनंद आहे. आपली मुलं जगाची भाषा बोलू लागली.

चांगलं घडलं तिथे चांगलं म्हणावं. बजाजने चाकणमध्ये २०१० च्या सुमारास कोबोट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारे यांत्रिक हात, आणायला सुरुवात केली. ती संख्या पुढे शंभरावर गेली. लाईनवर महिला कामगारांचा वाटा मोठा असल्याने शरीरावरचा ताण कमी करणं हेही त्यामागचं एक कारण होतं. मोठ्या कंपन्यांच्या मुख्य लाईनवर आता गाडी वर-खाली होते, जड भाग यंत्र उचलतं. पण पट्टा म्हणजे फक्त मुख्य लाईन नव्हे. एका गाडीचे हजारो सुटे भाग ज्या शेकडो शेडमध्ये बनतात, तिथे मोठ्या कंपनीचं ऑडिट मुडा शोधायला जातं आणि भाव दरवर्षी खाली आणायला सांगतं. भाव खाली आणायचा म्हणजे सेकंद कापायचे. सेकंद कापायचे म्हणजे कुणाच्या तरी श्वासातून कापायचे.

कामगार चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. या पट्ट्याने मोठे लढे पाहिले. १९८९ चा टेल्कोचा लढा आजही लोकांच्या तोंडी आहे. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस संप चालला. वेतन, संघटनेची मान्यता, शेअर्स यांवर लढे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण टेबलाची उंची, सायकल टाईम, एका शिफ्टमध्ये हात किती वेळा खांद्याच्या वर जातो, यावर करार अडला असं ऐकायला मिळत नाही. त्रास असेल तर त्याचा भत्ता मागायचा, ही सवय आपल्याला लागली. भत्ता घेऊन विकलेला गुडघा निवृत्तीनंतर परत मिळत नाही.

कापलेलं बोट मोजतात, झिजलेला खांदा नाही

'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांमधल्या जखमांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यातले बहुतेक जखमी हरियाणाच्या पट्ट्यातले, पॉवर प्रेसवर बोटं गमावलेले, बरेचसे कंत्राटी आणि परप्रांतीय. ते वाचताना अंगावर काटा येतो. पण कापलेलं बोट निदान दिसतं. त्याची नोंद होते, दवाखाना होतो, भरपाईसाठी भांडता येतं. खांदा दहा वर्षांत झिजतो. त्याला तारीख नसते, वेळ नसते, साक्षीदार नसतो.

कायदाही इथे डोळे मिटतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या व्यावसायिक आजारांची यादी होती. एकूण २९ आजार. शिसं, पारा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा, सगळं होतं. कंबर, मान, खांदा, मनगट यांचं झिजणं त्यात नव्हतं. जे यादीत नाही ते घडतच नाही, असं सरकारी शहाणपण.

त्याच कायद्यात एक विसरलेलं कलम होतं, ४४ वं. उभ्याने काम करावं लागणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी बसायची सोय हवी, म्हणजे कामात मधे संधी मिळाली की त्याला टेकता येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यातही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. म्हणजे १९४८ सालच्या, खादी घालणाऱ्या, जुन्या वळणाच्या लोकांनाही कळत होतं की कामात मोकळे क्षण असतात आणि त्या क्षणांत माणसाने बसावं. लीनने काय केलं? ते मोकळे क्षणच काढून टाकले. खुर्ची द्यायला कायदा सांगतो, आणि बसायला वेळ उरत नाही. हा कायद्याचा भंग नाही म्हणे. ही कार्यक्षमता आहे.

यात सर्वात स्वस्त पडतो तो कंत्राटी मुलगा. ठेकेदाराच्या गेटपासवर आलेला, सहा-अकरा महिन्यांचा, किंवा 'ट्रेनी' नावाखाली उत्पादन काढणारा. त्याचा खांदा धरला की तो घरी जातो, दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. कारखान्याच्या वहीत याला मुडा म्हणत नाहीत. कारण खर्च कारखान्याच्या वहीत पडतच नाही. तो पडतो मुलाच्या आईच्या वहीत, हाडवैद्याच्या आणि मेडिकलवाल्याच्या उधारीत. आपल्या समाजातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. आपली पोरं पर्मनंट कमी आणि कंत्राटी जास्त. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-यूपीतून आलेल्या प्रत्येक जातीधर्माच्या पोराची तीच गत.

मशिदीत मागच्या सफेत खुर्च्या असतात. माझ्या लहानपणी त्या एक-दोन असत, पिकल्या दाढीच्या बुजुर्गांसाठी. आता रांग आहे, आणि तिच्यात काळ्या दाढीची माणसं बसतात. सजद्यात जाता येत नाही, गुडघा वाकत नाही. शेजारच्या देवळात भजनाला बसणारे ओळखीचे सांगतात, मांडी घालता येत नाही म्हणून भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. देवापुढे वाकायलाही कंबर शिल्लक न ठेवणाऱ्या व्यवस्थेला कार्यक्षम म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

त्यांची उत्तरं

मालकवर्गाची बाजू मला माहीत आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. पहिलं उत्तर, स्पर्धा. सेकंद नाही कापले तर ऑर्डर दुसऱ्या राज्यात जाईल, मग टेबलही नाही आणि कामही नाही. छोट्या कारखानदाराच्या बाबतीत हे खरंच आहे. त्याची मान वरच्या कंपनीच्या हातात असते. म्हणूनच प्रश्न वरच्या कंपनीला विचारला पाहिजे. पुरवठादाराचं ऑडिट करताना खराब माल किती, साठा किती हे तुम्ही बघता. मग तिथल्या ऑपरेटरचं वाकणं का बघत नाही? तुमच्या मुख्य लाईनवर जे अमानुष, ते भोसरीच्या शेडमध्ये किफायतशीर कसं?

दुसरं उत्तर, उत्पादन वाढणार नसेल तर टेबलावर खर्च कोण करेल? याचं उत्तर टोयोटानेच दिलं आहे. १९९० च्या सुमारास जपानमध्ये तरुण मुलं गाड्यांच्या लाईनवर यायला नाही म्हणू लागली. काम फार अंगमोड करणारं आहे, अशी त्याची कीर्ती झाली होती. तेव्हा टोयोटाने १९९२ अखेर क्यूशू बेटावर सुरू केलेल्या कारखान्यात लांबलचक लाईन तोडून छोट्या लाईनी केल्या, मधे थोडा साठा ठेवला, म्हणजे एक जण अडला तर सगळ्यांची धांदल नको. ज्या साठ्याला ते स्वतः मुडा म्हणत होते, तोच त्यांनी माणसासाठी ठेवला. प्रत्येक जागेवरचा शारीरिक ताण आकड्यात मोजायची पद्धतही आणली. कॅलिफोर्नियात टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या भागीदारीतल्या कारखान्यात १९९३ च्या नव्या मॉडेलच्या वेळी कामगारांच्या दुखण्यांवरून सरकारी यंत्रणेने ठपका ठेवला, तेव्हा तिथेही सुधारणा झाली. २००१ मध्ये टोयोटाने आपली तत्त्वं लिहून काढली, तेव्हा दोनच खांब सांगितले. एक सतत सुधारणा, दुसरा माणसांचा आदर. आपण एका खांबावर मांडव घातला आहे.

जपानमध्ये मुलं आली नाहीत म्हणून लाईन बदलली. कॅलिफोर्नियात सरकार आलं म्हणून बदलली. चाकणच्या गेटवर मात्र सकाळी सहा वाजता मुलांची रांग लागलेली असते. बदलायची गरज कुणाला वाटणार?

तिसरं उत्तर, कामगारालाच ओव्हरटाईम हवा असतो. हो, हवा असतो, कारण आठ तासांत घर चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तीन महिन्यांच्या ओव्हरटाईमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठ तासांसाठी आखलेल्या टेबलावर बारा तास उभा राहणारा माणूस कोणत्या सूत्रात बसतो? गरजेपोटी दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणत नाहीत, हे आपल्या आज्यांनाही कळत होतं.

मागणं काय

नुसतं रडगाणं नको, म्हणून चार मागण्या ठेवतो.

एक. वाचलेला सेकंद वाटून घ्या. वरच्याच उदाहरणात सहा सेकंद वाचले, तर तीन कंपनीने घ्यावेत, तीन कामगाराकडे राहावेत. ५४ चे ४८ नको, ५१ करा. कंपनीला शिफ्टला २९ नग जास्त मिळतात. ऑपरेटरला दिवसाला सव्वीस मिनिटांचा मोकळा श्वास मिळतो, तोही तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे स्नायूला हवा तसा. युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात पगाराच्या खाली हे लिहा.

दोन. सरकारी पैशाला अट लावा. केंद्राने मार्च २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी लीन योजना नव्याने आणली, तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. हा माझा, तुमचा, त्या हेल्परचा कर आहे. मग योजनेच्या अहवालात 'साठा किती कमी झाला' याच्या शेजारी 'वाकणं किती कमी झालं, सायकल टाईम किती घटला, कामगाराला काय मिळालं' हे रकाने सक्तीचे करा.

तीन. दुखण्याची नोंद ठेवा. प्रत्येक लाईनवर एक वही, कुठे दुखतं, कधीपासून, कोणत्या जागेवर. पर्मनंट, कंत्राटी, ट्रेनी सगळ्यांसाठी, आणि नोंद केली म्हणून गेटपास रद्द होणार नाही या हमीसह. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ती वही तपासावी. यादीत तिसावा आजार यायचा तेव्हा येवो, निदान वहीत तर येऊ दे.

चार. ज्याचं शरीर त्याला विचारा. टेबल करण्याआधी त्यावर उभ्या राहणाऱ्या मुलीला बोलवा. तिला सांगता येईल बिन कुठे हवा, पाट किती उंच हवा. मास्तर म्हणून अनुभवाने सांगतो, मागच्या बाकावरचं पोर फळ्यावर काय दिसत नाही हे जितकं नेमकं सांगतं, तितकं कुठल्याही तपासणी पथकाला कळत नाही.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही. ज्या टोयोटाचे फोटो आपण भिंतीवर लावतो, तिनेच हे थोडंफार करून दाखवलं. आपल्याला सांगितलं जातं की फालतू हालचाल वाचवा, कारण ती वाया जाते. मान्य. पण पंचविशीत लाईनवर उभं राहिलेलं पोर चाळिशीत उभं राहू शकत नसेल, तर त्या कारखान्याने पंधरा वर्षांत सर्वात महाग वस्तू भंगारात काढली आहे. ती वस्तू बनवायला एका आईला अठरा वर्षं लागली होती, आणि मला तिचं नाव हजेरीपटावर लिहायला मिळालं होतं. सात मुडांच्या तक्त्याखाली अजून बरीच जागा रिकामी असते. तिथे मुरी लिहा, आणि मग लाईन सुरू करा.